तेविसाव्या चौकटीतला उंबर

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या बोळात मोजून तीन झाडं होती. एक कडुलिंब, एक शेवगा आणि एक पपई. त्यातली पपई शेजाऱ्यांची, आणि तिच्यावरून होणारी भांडणंही त्यांचीच. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलीला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी सरांनी प्रबंधासाठी विषय दिला: डोंगरावरच्या पानगळीच्या जंगलातल्या वनस्पतिसमूहांचं वर्गीकरण. मी तो वहीत उतरवून घेतला आणि मान डोलावली. सत्तरच्या दशकात सरांनी दिलेल्या विषयाला नाही म्हणायची पद्धत नव्हती. घरी येऊन सांगितलं, तर अम्मा म्हणाली, "सोलापुरात डोंगर कुटं हाय आन जंगल कुटं हाय?" तिचं काही चुकलं नव्हतं.

आमचं घर विणकरांचं. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, पण इथं लिहिताना अम्माला आणि नायनांना मी त्यांची बाजारातली सोलापुरी मराठी दिली आहे. नायना म्हणजे वडील. ते चादरीच्या एका कारखान्यात नक्षी उतरवण्याचं काम करायचे. चित्रकार मोर, वेल, फूल असं काहीतरी कागदावर काढून द्यायचा, त्याला कच्चं म्हणत. नायना ते ग्राफच्या मोठ्या कागदावर एकेक घर भरत उतरवायचे, ते पक्कं. पक्क्यात जे घर भरलेलं असेल तिथं पुठ्ठ्याच्या पट्टीला भोक पडायचं, आणि भोक असेल तिथंच मागावरचा दोरा वर उचलला जायचा. म्हणजे कागदावर एक घर चुकलं, की निघणाऱ्या प्रत्येक चादरीवर तीच चूक. म्हणून कच्च्यातला चुकार ठिपका खोडायचा, तुटलेली रेघ जोडायची, डावं-उजवं सारखं करून घ्यायचं, हे सगळं पक्कं करणाऱ्याकडे. त्यासाठी चित्रकाराला विचारावं लागत नसे.

तीस वर्षांत नायनांच्या पक्क्यात चूक निघाली नव्हती. हे मी सांगत नाही, तेच सांगायचे. तेही जेवताना सांगायचे, त्यामुळे घरात कुणी उलट बोलत नसे.

जंगल होतं बार्शीच्या पुढे, बालाघाटच्या डोंगरात. दुरून डोंगर साजरे म्हणतात. मला तर तो दुरूनही साजरा दिसला नव्हता, कारण एसटीत मी झोपले होते. भाद्रपदात सर आम्हा चार विद्यार्थ्यांना घेऊन तिथं गेले. बाकी तिघांचे विषय गवत, शेवाळ आणि बुरशी असे खाली बघून करण्याचे होते. मला डोंगर चढायचा होता. दोरीनं दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद अशी चौकट आखायची, आतलं प्रत्येक झाड लिहून घ्यायचं, कोपऱ्यातल्या दगडाला लाल ऑइलपेंटनं चौकटीचा नंबर घालायचा आणि पुढं जायचं. अशा चाळीस चौकटी, पायथ्याच्या ओढ्यापासून माथ्यापर्यंत.

दोरी मी नायनांच्या कारखान्यातून आणली होती, सुताची, पांढरीशुभ्र. ती पावसात भिजून आखडली आणि माझ्या पहिल्या तीन चौकटी लहान भरल्या. सरांनी टेपनं मोजून त्या पुन्हा करायला लावल्या. मी दोरीवर चिडले, पावसावर चिडले, शेवटी बुरशीवाल्या मुलावर चिडले. तो बिचारा नुसता हसला होता.

झाडांची नावं सांगायला पायथ्याच्या गावातली एक मावशी सोबत असायची. ती रोज सरपणासाठी डोंगरात जायची, त्यामुळे डोंगर तिला घरच्यासारखा माहीत. मी पानं पुस्तकाशी ताडून बघेपर्यंत ती पुढच्या झाडाशी पोचलेली असायची. "आवं बाई, धावडा हाय त्यो धावडा. पुस्तकात काय बगताय? पुस्तक हितं आलंय का कदी?" असं म्हणून ती कोयत्याच्या पाठीनं खोडावर टक् टक् करायची. मला राग यायचा, पण नावं तिचीच बरोबर निघायची.

तेविसावी चौकट आम्ही दुपारी केली. वरचा खडकाळ उतार, सगळीकडे सालई, आणि मध्येच एक उंबर. उंबर म्हणजे पाण्याकाठचं झाड, तो त्या कोरड्या खडकात काय करत होता कोण जाणे. सरही त्या दिवशी वर आले होते, त्याच्या सावलीत आम्ही शिदोरी सोडली. मी वहीत उंबरापुढे खूण केली आणि त्याबद्दल विसरून गेले.

माघात खरं काम सुरू झालं. चाळीस चौकटींचे चाळीस उभे रकाने, झाडांच्या नावांच्या आडव्या ओळी, आणि ज्या चौकटीत जे झाड सापडलं तिथं काळा ठिपका. मग रकाने पुढेमागे हलवायचे, ओळी वरखाली करायच्या, असं करत राहायचं, जोपर्यंत ठिपके जागोजागी एकत्र गोळा होत नाहीत. एकत्र आलेला प्रत्येक पुंजका म्हणजे सोबत राहणाऱ्या झाडांचा एक समूह. आज यंत्रं हे क्षणात करतात. तेव्हा मी ग्राफच्या कागदाच्या लांब पट्ट्या कापून चटईवर मांडत होते आणि पंख्यानं त्या उडत होत्या. आठ दिवस मांडामांड करूनही सगळीकडे विखुरलेले ठिपकेच दिसत होते. अम्मानं एकदा झाडताना नऊ चौकटी कोपऱ्यात लोटल्या, तर रडूच फुटलं.

रविवारी दुपारी नायना चहाचा कप घेऊन चटईपाशी उभे राहिले. त्यांनी सगळ्या पट्ट्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "ही हिकडं घे. ती चौथी तिच्याशेजारी."

"नायना, त्या झाडांच्या पट्ट्या आहेत."

"असू दे की. ठिपकं हायत न्हवं?"

मग ते मांडी घालून बसलेच. साग कोणता, सालई कोणती, त्यांना काही ठाऊक नव्हतं. नावं तर त्यांनी वाचलीही नाहीत. नुसता हात चालत होता. पट्टी उचल, सरकव, मान मागं घेऊन बघ, पुन्हा सरकव. दिवेलागणीच्या आत चटईवर चार स्वच्छ पुंजके उभे राहिले. मी वही काढून ताडून बघितलं. पहिल्यात सगळ्या ओढ्याकाठच्या चौकटी: अर्जुन, करंज, उंबर, जांभूळ. दुसऱ्यात पायथ्याच्या खोल मातीतला साग. तिसऱ्यात मधल्या उताराचे धावडा, मोई आणि टेंभुर्णी. चौथ्यात माथ्याकडची सालई. डोंगर जसा खालून वर चढत होता, तशाच पट्ट्या आमच्या चटईवर लागल्या होत्या. मला इतका आनंद झाला की मी उठून नायनांना नमस्कार केला. ते म्हणाले, "चा गार झाला की," आणि अम्माला दुसरा करायला लावला.

आता पक्की प्रत तयार करायची होती. माझे ठिपके कुठं मोठे, कुठं छोटे, कुठं शाई पसरलेली. नायना म्हणाले, "दे हिकडं. मी पक्कं करून देतो." मला त्याच वेळी होटगीला आत्याकडे दोन दिवस जायचं होतं, तिच्या घरी पूजा होती. मी खुशाल पट्ट्या त्यांच्या हवाली करून होटगीची गाडी पकडली. पक्कं म्हणजे काय असतं हे लहानपणापासून बघत आले होते, आणि तरीही माझ्या डोक्यात काही आलं नाही. हा वेंधळेपणा सर्वस्वी माझा.

परत आले तर चार फूट लांब कागद तयार. काळ्या शाईचे गोल, एकसारखे ठिपके, चार पुंजके, कडा रेखीव. माझ्या आयुष्यात मी इतका देखणा तक्ता बघितला नव्हता. तपासायचं मनातही आलं नाही. गुंडाळी केली आणि दुसऱ्या दिवशी सरांच्या टेबलावर उलगडली.

सर प्रथम खूश झाले. चष्मा वर करून त्यांनी कागदावरून बोट फिरवलं. "वा! गट किती सुंदर पडलेत. किती सुंदर—" आणि बोट थांबलं. "तेविसाव्यातला उंबर कुठं गेला?"

"असेल ना सर."

"नाही. हे बघा, रिकामं आहे. अहो, त्या उंबराखाली बसून मी तुमच्या घरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली आहे. दोन भाकऱ्या खाल्ल्या."

त्यांनी माझी डोंगरावरची वही मागितली आणि एकेक घर ताडायला घेतलं. मी समोर उभी. वहीत असलेले अकरा ठिपके तक्त्यात नव्हते. वहीत नसलेले सहा ठिपके तक्त्यात होते. नायनांनी नेमकं काय केलं ते दुसऱ्या-तिसऱ्या ठिपक्यालाच माझ्या लक्षात आलं होतं. पुंजक्याबाहेर पडलेला ठिपका त्यांनी चुकार म्हणून खोडला होता आणि पुंजक्याच्या आत राहिलेलं रिकामं घर विसरलेलं म्हणून भरलं होतं.

सरांनी चष्मा काढून ठेवला. "एक चूक होते, दोन होतात. सतरा आपोआप होत नाहीत. आणि सगळ्या गट सुबक दिसावेत अशाच. हे कुणी केलं?"

वडिलांनी केलं, एवढं एक वाक्य होतं. ते माझ्या तोंडून निघेना. ज्या माणसाच्या पक्क्यात तीस वर्षांत चूक नाही, त्यानं माझ्यासाठी दोन दिवस मान मोडून काढलेल्या कागदाला सर खोटा म्हणत होते. आणि त्यांचं नाव सांगणं म्हणजे त्यांनाच खोटं ठरवणं, असं मला तेव्हा वाटलं. मी म्हणाले, "माझ्याकडून झालं, सर."

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही हुशार आहात म्हणून जास्त वाईट वाटतं. आता माझा तुमच्या वहीवरही विश्वास राहिला नाही. सतराही ठिकाणी पुन्हा जा, डोळ्यांनी बघा, नवा तक्ता करून आणा. मग ठरवू, प्रबंधावर सही करायची की नाही." सही नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर दोन वर्षं पाण्यात. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली होते. पुढं कॉलेजात शिकवायचं हे मी मनाशी पक्कं ठरवलेलं होतं, आणि ते सगळं आता सरांच्या एका सहीला टांगलं होतं.

घरी येऊन मी कागद नायनांपुढे आपटला. हो, आपटलाच. "तुम्ही उंबर खोडलात!"

त्यांनी शांतपणे बघितलं. "खोडला की. चुकार हुता."

"चुकार नव्हता! झाड होतं ते!"

"झाड असंल. पर नक्षीत बसत न्हवतं."

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हणाले, "नायना, तुमची चूक झाली." हे शब्द आमच्या घरात कुणी उच्चारले नव्हते. अम्मा तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. नायनांनी सदरा चढवला, टोपी घातली आणि चहाच्या टपरीवर निघून गेले. सरांनी काय विचारलं आणि मी काय सांगितलं, ते मी कुणालाच बोलले नाही. पुन्हा डोंगरावर जायचंय, एवढंच अम्माला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नायना दाराशी तयार उभे. पायजमा, इस्त्रीचा सदरा, काळी टोपी. "मी पन येतो. बगू दे तुजं झाड."

फाल्गुन लागला होता. भाद्रपदात मी बघितलेला हिरवा डोंगर कुणीतरी उचलून नेला होता आणि त्या जागी नुसत्या काड्या उभ्या होत्या. सगळी पानं खाली. नायनांच्या चपला त्या वाळलेल्या पानांवर सटासट घसरत होत्या, आणि प्रत्येक वेळी ते असं बघायचे की जणू पानांनीच मुद्दाम केलं. मावशी पायथ्याशीच भेटली. तिला सगळी हकिकत सांगितली, तर ती खाली बसून हसली. "आगं बया! झाड खोडलं? रबरानं?"

नायना म्हणाले, "शाईनं काडलंच न्हवतं, तर खोडायचं काय?" पण कान लाल झाले होते.

पानं नसताना झाड ओळखायचं कसं, हे मला मावशीनं त्या दिवशी शिकवलं. सालईची साल कागदासारखी सुटते आणि नखानं खरवडली की सुवास येतो. धावडा गुळगुळीत, फिकट. टेंभुर्णी काळी, चौकोनी भेगांची. तिच्यापुढे नायना थांबले आणि भेगांवरून बोट फिरवत म्हणाले, "हे बरं हाय. ह्याच्यावर घरं आदीच आखलेली हायत."

मधला उतार ओलांडून आम्ही वळणावर आलो आणि नायना उभे राहिले. समोर सगळा माथा राखाडी. सालईच्या उघड्याबोडक्या फांद्या, खडक, वाळलेलं गवत. आणि त्या एवढ्या मोठ्या राखाडी उतारावर, बरोबर मध्ये, एकच हिरवं झाड. भर पावसात सगळं हिरवं असताना मला ते कधी असं दिसलं नव्हतं. नायनांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"त्यो?"

"तोच."

ते झाडापाशी पोचेपर्यंत मान वर करून बघत राहिले, त्यामुळे अजून दोनदा घसरले. बुंध्याला फळांचे घोस लागले होते. मावशीनं मुळांमधल्या खडकाच्या कपारीतली पानं बाजूला केली आणि ओंजळ घातली. पाणी होतं. थोडंसं, पण गार. "उन्हाळ्याला समद्या डोंगरात हितंच घोटभर पानी ऱ्हातंय," ती म्हणाली. "सरपनाच्या बाया हितं थांबत्यात. ह्यो उंबर न्हाय तर आमाला पानी कुटं हाय ते कसं कळंल, दादा?"

नायना ओंजळीनं पाणी प्याले आणि तोंड पुसून म्हणाले, "चला, बाकीचं बगू."

बाकीच्या सोळा जागा बघताना जी करमणूक झाली ती मी जन्मभर विसरणार नाही. खोडलेली झाडं एकामागून एक जागेवर सापडत गेली आणि नायना प्रत्येकाला "हाय, हाय," म्हणत हात लावत गेले. भरलेल्या सहा जागी मात्र ते झाडं शोधायला लागले. लाल नंबराच्या दगडापाशी उभे राहून चारी बाजूंना बघायचे आणि चिडायचे. "हितं मोई पायजे. त्या अंगाला हाय, ह्या अंगाला हाय, मग हितं का न्हाय?"

मावशी म्हणाली, "न्हाय उगवली, दादा. तिला कुनी सांगितलंच न्हाय."

एके ठिकाणी मात्र माझी जिरली. मधल्या उतारावरच्या एका चौकटीत मी अर्जुन लिहिला होता, नायनांनी तो खोडला होता. मावशीनं खोड बघितलं, काळं, भेगाळलेलं. "अर्जुन कसला? अर्जुनाची साल पांडरी, गुळगुळीत. ह्यो ऐन हाय." दोघांची पानं सारखी असतात आणि भाद्रपदात मी नुसती पानं बघून मोकळी झाले होते, त्या चौकटीला मावशी पुढं गेलेली होती. म्हणजे खोडलेल्या अकरांपैकी एक खरोखरच चूक होती, आणि तिचा धनी मी. नायना मागं वळून म्हणाले, "बगितलंस?" एवढंच. पण बार्शीपर्यंत आणि बार्शीहून सोलापूरपर्यंत दर अर्ध्या तासानं म्हणाले.

नवं पक्कं करायला त्यांनी चार दिवस घेतले. या वेळी मी शेजारी वही उघडून बसले. पुंजक्याबाहेरचा ठिपका आला की त्यांचा हात थांबायचा. "हाय?" "आहे." मग ठिपका टेकवायचे, पण चेहरा असा, की कडू काढा पितायत. पुंजक्यातलं रिकामं घर सोडताना तर जीव कासावीस व्हायचा. "एवढं एक तरी भरू दे की." "नाही, नायना." अम्मा म्हणाली, एवढी मिनतवारी त्यांनी लग्नातसुद्धा कुणाची केली नव्हती.

तक्ता सरांकडे न्यायच्या दिवशी गुंडाळी ते मला देईनात. पक्कं कारखान्यात नेतानाही ते कुणाच्या हातात देत नसत. सायकलीच्या दांड्याला गुंडाळी बांधून ते माझ्या मागोमाग कॉलेजात आले आणि सरांच्या खोलीत दाराशेजारच्या स्टुलावर टोपी मांडीवर घेऊन बसले. कॉलेजची पायरी ते पहिल्यांदाच चढले होते.

सरांनी नवा तक्ता वहीशी ताडला. सतराही जागा बघितल्या. चुकीचा अर्जुन मी स्वतः दाखवून दिला. त्यांनी मान हलवली, पण चेहरा सैल पडेना.

"हा बरोबर आहे," ते म्हणाले. "पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. गेल्या वेळी तुम्ही स्वतः कबूल केलंत की ते ठिपके तुम्ही खोडले आणि भरले. कबूल केलंत म्हणून मी वर कुणाला बोललो नाही. पण जी मुलगी एकदा खोटे ठिपके भरते, तिच्या प्रबंधावर सही करताना माझा हात अडतो. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

माझी मान खाली होती. मागं स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"सायेब," नायना म्हणाले. ते उभे राहिले होते, टोपी हातात. "पोरीनं न्हाय केलं. मी केलं."

सर तक्त्यावरून मान वर करून त्यांच्याकडे वळले.

"मी चादरीची नक्षी उतरवतो. आमच्या धंद्यात चुकार ठिपका खोडायचा आसतोय, सुटलेलं घर भरायचं आसतंय. मी तसंच केलं. ती होटगीला हुती. तिला ठावंच न्हवतं." त्यांनी टोपी छातीशी धरली. "चूक माजी हाय. डोंगरावर जाऊन बगून आलोय."

त्यांच्या तोंडून ते शब्द मी पहिल्यांदा ऐकले, आणि ते ज्या खोलीत निघाले तिथं माझ्याखेरीज त्यांचं ओळखीचं कुणी नव्हतं.

सरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. मग खुर्ची पुढं ओढली. "बसा ना, इकडे बसा. हे गट कुणी लावले?"

"पट्ट्या मी सरकवल्या. झाडं मला वळकत न्हाईत."

"आणि आता जंगल बघून काय वाटलं?"

नायनांनी विचार केला. "लई चुका हायत सायेब. पर त्याला मालक न्हाय की. मालक आसता तर माल परत आला आसता."

सर इतके हसले की शेजारच्या खोलीतून शिपाई बघायला आला. हसू आवरल्यावर त्यांनी खिशातलं पेन काढलं, प्रबंधाचं पहिलं पान माझ्याकडून मागून घेतलं आणि सही केली. शाई वाळेपर्यंत नायना त्या सहीकडे बारकाईनं बघत होते.

आम्ही बाहेर सायकलीपाशी आलो. कुलूप काढता काढता त्यांनी विचारलं, "सोताच्या अंगावर का घेतलंस?"

"तुमच्या पक्क्यात चूक निघाली असं इथं कुणी म्हणू नये म्हणून."

ते बराच वेळ कुलपाशी खुडबूड करत राहिले. ते कुलूप इतकं अवघड नव्हतं. मग टोपी डोक्यावर बसवली, सायकल स्टँडवरून उतरवली आणि मागच्या कॅरिअरवर थाप मारली.

"बस."

मी बावीस वर्षांची होते, साडी नेसलेली, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची. नायनांच्या मागं कॅरिअरवर मी चौथीनंतर बसले नव्हते. व्हरांड्यात सगळी पोरं उभी होती, बुरशीवाला तर अगदी पुढं. मी पदर खोचला, एका अंगाला बसले आणि नायनांचा सदरा धरला. त्यांनी पायडल मारलं आणि आम्ही कॉलेजच्या गेटातून बाहेर पडलो.